हद्दीची सरहद्द : एका हवाई वाटेचा इतिहास

येरवड्याच्या तुरुंगाविषयी मराठी वाचकाला पुष्कळ माहिती आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला तो याच तुरुंगात. राजबंद्यांच्या कितीतरी आठवणी आणि पत्रे याच भिंतींच्या आड लिहिली गेली. भिंतीबाहेर मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तुरुंगाच्या सावलीत एक मोकळे मैदान होते आणि त्या दशकाच्या आरंभी, पावसाळा सुरू झाला की, टाटांच्या हवाई टपालसेवेची विमाने मुंबईहून तेथे मुक्कामाला येत. मुंबईत ती जुहूच्या खाजणावर उतरत, आणि पावसाळी भरतीत ते खाजण पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्याला हलवावा लागे. तुरुंगाच्या छायेतली ही जागा आपल्याला अगदी शोभेशीच होती, अशी थट्टा जे.आर.डी. टाटा यांनी पुढे केली. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात गणेशखिंडीत, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, राहायला येत; त्यांच्यासारखेच टपालही घाट चढून आले, इतकेच.

पुण्याच्या या मैदानापासून आम्ही आरंभ केला याला कारण आहे. ज्या विमानांचा येथे मुक्काम होई ती कराचीहून पत्रे आणीत. आज कराची म्हटले की परदेश डोळ्यांपुढे येतो. त्या काळी तसे नव्हते. जे.आर.डी. टाटांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या बनावटीचे छोटे विमान कराचीहून मुंबईला आणले, तेव्हा त्यांनी एक आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. पन्नास वर्षांपूर्वी त्याच वाटेने आले तेव्हा त्यांनी तशी कोणतीच सीमा ओलांडली नव्हती. वाट तीच, वैमानिक तोच. त्या वाटेखालच्या जमिनीचे नाव तेवढे बदललेले. या बदलाचा इतिहास सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ उड्डाण. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे विमान उचलले. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने आलेले टपाल त्यात होते. वाटेत अहमदाबादला बैलगाडीवरून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोहोचले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. पस मॉथ म्हणजे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून, त्यावर रोगण चढवून बनवलेले, एका इंजिनाचे आणि दोन-तीन माणसांपुरते विमान. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. जमिनीवरून दिशा सांगणारे कोणी नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारा किनारा यांच्या भरवशावर वाट काढायची. सरकार या सेवेला अनुदान देत नव्हते. टपालाच्या वजनाप्रमाणे पैसे मिळत.

या उड्डाणाविषयी लिहिणारे धाडसाविषयी लिहितात आणि ते योग्यच आहे. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे उड्डाण एका शहरातून दुसऱ्या शहरात झाले, आणि ती दोन्ही शहरे एकाच प्रांतातली होती. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ पासून तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ रोजी त्याचा स्वतंत्र प्रांत झाला, तोवर कराची हे मुंबई सरकारच्या अमलाखालचे गाव होते. अहमदाबादही मुंबई इलाख्यातलेच. तेव्हा १९३२ चे उड्डाण आजच्या भाषेत सांगायचे तर राज्यांतर्गत उड्डाण होते. मधली संस्थाने तेवढी वगळायची.

हे नाते केवळ कागदावरचे नव्हते. सिंधमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. कराचीतील पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये निघाली. तिला नाव आहे नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचे, आणि ती शाळा त्या नावाने कराचीत आजही उभी आहे. सिंधी लिपीच्या व्यवस्थेच्या प्रश्नातही वैद्यांचा हात होता. एका मराठी माणसाने दुसऱ्या भाषेच्या लिपीचा विचार करावा हे आज नवल वाटेल. त्या वेळी तो एका खात्याच्या नोकरीचा भाग होता.

तरीही या वाटेखाली रेषा मुळीच नव्हती असे नव्हे. कराचीहून अहमदाबादकडे येताना कच्छचा मुलूख लागतो. कच्छ हे संस्थान, सिंध हा इलाख्याचा भाग. दोहोंमधल्या खाडीच्या काठी पडलेल्या लाकूडफाट्यावरून १९०८ मध्ये तंटा झाला. तो मिटवण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ मध्ये एक ठराव केला आणि सोबत नकाशा जोडला. कमिशनर आणि राव यांच्यामधले हे प्रकरण, सचिवालयात त्याची फाईल झाली आणि बंद झाली. त्या फाईलीतील खाडी म्हणजेच सर क्रीक. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सर क्रीकचा वाद अद्याप सुटलेला नाही, आणि त्यात दोन्ही पक्ष ज्या कागदाचा आधार घेतात तो १९१४ चा हा मुंबई सरकारचाच ठराव होय. एका परिच्छेदावर एका देशाचा भर, दुसऱ्या परिच्छेदावर दुसऱ्याचा. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको की, संहिता एकच असली तरी वाचणारे बदलले म्हणजे अर्थ बदलतो. येथे तर त्या अर्थासाठी पलटणी उभ्या आहेत.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. गावाची हद्द असते, नगरपालिकेची हद्द असते, पोलीस ठाण्याची हद्द असते. देशाची मात्र सरहद्द. हद्द ओलांडायला फार तर रखवालदाराची नजर चुकवावी लागते, सरहद्द ओलांडायला राज्यसत्तेची परवानगी. कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये १९३२ साली होती ती हद्द.

विमान आणि सरहद्द यांचा संबंध त्या काळी कोणाला ठाऊकच नव्हता, असा समज मात्र होऊ देता कामा नये. १९१९ च्या पॅरिस करारानेच प्रत्येक राष्ट्राची आपापल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता मान्य केली होती. छोट्या खासगी विमानाने देशामागून देश ओलांडणे काय असते, याचा अनुभव स्वतः टाटांनी १९३० मध्ये घेतला होता. आगा खान यांनी इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड असा प्रवास एकट्याने, एका महिन्याच्या आत पुरा करणाऱ्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले, सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून पूर्वेकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनियर यांच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. शर्यत इंजिनियर यांनी थोडक्या अंतराने जिंकली. ही गोष्ट खिलाडूपणाचा धडा म्हणून सांगितली जाते. आम्ही येथे ती दुसऱ्या कारणासाठी सांगत आहोत. इंजिनियर या आडनावाशी आपल्याला पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

१९४७ मध्ये हद्दीची सरहद्द झाली. पंजाब आणि बंगाल यांच्या वाटणीसाठी रॅडक्लिफ यांनी नवी रेघ ओढली. कच्छ-सिंधच्या बाजूला तशी नवी रेघ ओढण्याची गरजही पडली नाही. प्रांत आणि संस्थाने यांच्यामधली जुनी हद्द तशीच उचलून दोन राष्ट्रांमध्ये ठेवली गेली. १९४४ च्या शिकागो कराराने आकाशावरील सत्तेचे तत्त्व पुन्हा पक्के केलेच होते. विमानाच्या अंगावर रंगवलेल्या अक्षरांतही हा फरक उतरला. अविभाजित भारतातील विमानांच्या नोंदणीची अक्षरे होती व्हीटी. पाकिस्तानने एपी ही अक्षरे घेतली. भारताकडे व्हीटी राहिली, ती आजतागायत. त्यांचा अर्थ ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ असा लोक लावतात. अर्थ काहीही असो, कराची जेव्हा आपल्याच इलाख्यात होती त्या काळची अक्षरे आजही प्रत्येक भारतीय विमान आपल्या अंगावर घेऊन उडते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती आपण पार विसरलो आहोत. १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत कच्छ द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. म्हणजे साडेतीन वर्षे पुणे ज्या राज्यात होते, त्या राज्याची सीमा थेट पाकिस्तानला भिडत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या इतिहासात आपण बेळगाव-कारवारच्या सीमेविषयी पानेच्या पाने लिहिली. ही दुसरी सीमा आपल्या लिखाणात आली नाही. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा ती मुकाट्याने गुजरातच्या वाट्याला गेली.

टाटांनी आपल्या उड्डाणाची पहिली पुनरावृत्ती १९६२ मध्ये, तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा केली. तोवर दोन देशांत काश्मीरचे युद्ध होऊन गेले होते, तरी कच्छवरचे आकाश शांत होते. ते तीनच वर्षांत पेटले. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, सप्टेंबरात युद्ध जुंपले. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्धबंदीला काही दिवसच उरले असताना, गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे छोटे बीचक्राफ्ट विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी सेबर विमानाने पाडले. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी आणि इतर सहा जण त्यात मृत्यू पावले. विमानाचे वैमानिक होते जहांगीर इंजिनियर, १९३० च्या शर्यतीतल्या अस्पी इंजिनियर यांचे बंधू. अस्पी इंजिनियर तोवर भारतीय हवाईदलाचे प्रमुखपद भूषवून निवृत्त झाले होते. ज्याने ते विमान पाडले त्या कैस हुसैन यांनी २०११ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनंतर, जहांगीर इंजिनियर यांच्या कन्येला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. आपण हुकमाप्रमाणे वागलो, पण खालच्या विमानाने पंख हलवून खूण केली होती, हे त्यांनी त्यात सांगितले.

वैमानिकांच्या जगात पंख हलवणे ही फार जुनी खूण आहे. ‘मला पाहिलेस ना, मी परका नव्हे’ असे ती म्हणते. सरहद्दीने या खुणेचा अर्थही पुसून टाकला, हे आम्हाला त्या घटनेतले सर्वांत जड सत्य वाटते. अबुकीरला दोन प्रतिस्पर्धी भेटले आणि त्यांच्यात स्पार्क प्लगची देवघेव झाली. कच्छवर दोन अनोळखी वैमानिक भेटले आणि त्यांतल्या एकाला दुसरा कोण हे ओळखण्याची मुभा राहिली नाही. दोन प्रसंगांमध्ये पस्तीस वर्षे आहेत आणि कुटुंब एकच आहे.

पुढे रणाचा वाद लवादाकडे गेला. १९६८ च्या निवाड्याने वादग्रस्त भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला. फेब्रुवारी १९७१ मध्ये, ‘गंगा’ या भारतीय विमानाचे अपहरण होऊन लाहोरला ते जाळले गेल्यावर, भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. युद्ध झाले, बांगलादेश झाला. विमानांची ये-जा पुन्हा सुरू व्हायला १९७६ साल उजाडले. एवढे सगळे त्या वाटेखाली घडून गेल्यावर १५ ऑक्टोबर १९८२ हा दिवस येतो.

त्या दिवशी टाटा कराचीहून निघाले ते लेपर्ड मॉथ जातीच्या विमानात. १९३२ च्या पस मॉथशी त्याचे घराणे एक, पण ते तेच विमान नव्हे. लेपर्ड मॉथ प्रथम उडाले ते मे १९३३ मध्ये. पोलादी नळ्यांच्या जागी त्यात लाकडी सांगाडा आला. म्हणजे ज्या घटनेची आठवण जागवायची, त्या घटनेच्या दिवशी हे विमान जन्मालाही आले नव्हते. पुनरावृत्ती कधीच तंतोतंत होत नाही, याचा हा साधा पुरावा. टाटांचे स्थानही बदललेले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावरही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. १९७८ मध्ये सरकारने ते काढून घेतले. तेव्हा १९८२ मध्ये उडाला तो कोणी अध्यक्ष नव्हता, एक जुना वैमानिक होता. देशात पसरत चाललेली उदासीनता पाहून तरुणांत पुन्हा थोडी उमेद जागवावी यासाठी हे उड्डाण केले, अशा आशयाचे ते बोलले.

वाट मात्र तीच : कराची, अहमदाबाद, मुंबई. १९३२ मध्ये अहमदाबाद हा पेट्रोल भरण्याचा थांबा होता. १९८२ मध्ये तो दुसऱ्या देशातला थांबा झाला. खासगी विमान परदेशातून आणायचे तर प्रवासाचा आराखडा आधी कळवावा लागतो, परवानगी घ्यावी लागते, नेमून दिलेल्या वाटेने यावे लागते, आणि कस्टमची सोय असेल तेथेच पहिल्यांदा उतरावे लागते. विमान जितके लहान आणि जुने, तितका त्याला हा भार अधिक. ताशी शंभर मैलांनी जाणारे विमान सरहद्दीवरून झर्रकन निघून जात नाही; रण खाली हळूहळू सरकत राहते. दोनच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९८२ रोजी, जनरल झिया आणि इंदिरा गांधी यांची दिल्लीत भेट झाली. दोन देशांमध्ये थोडी फट पडली असतानाचे ते दिवस होते, आणि ते विमान त्या फटीतून आले असे म्हणता येईल.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ‘पूर्वी सगळे एक होते’ असा सूर लावणे सोपे आहे. पण १९३२ चे ते एकपण कोणाचे होते? मुंबई इलाखा हा साम्राज्याच्या सोयीने जुळवलेला संसार होता. मुंबईच्या ताब्यातून सुटावे ही मागणी सिंधमध्ये जुनी होती. १९१३ च्या कराची काँग्रेसच्या वेळीच हरचंदराय विशनदास यांनी सिंधच्या वेगळेपणाची बाजू मांडली होती. कराचीहून विमान निघाले त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी येरवड्यात पुणे करार झाला होता. आणि त्या सेवेच्या पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्ट १९३३ मध्ये, गांधीजी पुन्हा येरवड्यात बंदिवान होते आणि उपोषण करीत होते. ज्या देशात कराचीहून मुंबईपर्यंत कोणी अडवत नव्हते, त्याच देशात येरवड्याची भिंत होती. तेव्हा सरहद्द नसणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. पण स्वातंत्र्याबरोबर सरहद्द आलीच पाहिजे होती का, हा प्रश्न यामुळे मिटत नाही, आणि जुने विमान पुन्हा त्या वाटेने आणणारा माणूस, मनात असो वा नसो, तोच प्रश्न विचारीत असतो.

तिसऱ्या पुनरावृत्तीने त्याचे एक उत्तर दिले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिक स्त्रीने टाटांच्या उड्डाणाची आठवण म्हणून एकटीने हलके विमान मुंबईला आणले. तीनच वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, त्या जगप्रवासाला निघाल्या तेव्हा त्यांचे विमान कराचीला उतरले होते. या वेळी जीपीएससारखी आधुनिक मदत त्यांनी मुद्दाम घेतली नाही. अहमदाबादला थांबून त्या जुहूला उतरल्या. सगळे टाटांप्रमाणे, एक सोडून. त्या निघाल्या कराचीहून नव्हे, भुजहून; १९७१ च्या युद्धात बॉम्बफेकीनंतर माधापरच्या स्त्रियांनी जी धावपट्टी रात्रंदिवस खपून दुरुस्त केली होती, तेथून. निवड समर्पक होती, तिच्यामागचे स्मरण उज्ज्वल होते. पण स्मरण आता सरहद्दीच्या अलीकडे सुरू होते, हेही खरे. आणि एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले.

पुण्याकडे परत येऊ. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईत उतरलेली आणि इतर वाटांनी आलेली सिंधी कुटुंबे पिंपरीच्या छावणीत वसली. पुढे त्याच पिंपरी-चिंचवडच्या परिसरात टाटांचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. कराचीची माणसे आणि कराचीचे टपाल आणणारे घराणे अशी शेजारी आली, यात कोणाचा बेत नव्हता. पण पुण्यातल्या एखाद्या सिंधी घरात आजोबांच्या गावाचा विषय निघतो तेव्हा ते गाव किती दूर, हे मैलांत सांगता येत नाही.

टाटांच्या विमानात १९३२ साली ना राजदूत होते ना सैनिक. त्यात पत्रे होती. सकाळी कराचीला चढलेले पत्र दुपारी जुहूला उतरत होते. ३ मे २०२५ रोजी भारत सरकारने पाकिस्तानातून येणारे टपाल, हवाई आणि जमिनीवरचे, दोन्ही थांबवले. ज्या वाटेचा आरंभ पत्रांसाठी झाला, तिचा इतिहास सांगताना हा दिनांक त्यात घालणे आम्हाला आवश्यक वाटले.